आधी दोन तासे लावून पाहा : कंपनीत नवे करून पाहण्याची सवय कशी टिकते

कापसाचे किंवा तुरीचे नवे वाण बाजारात आले, की आमच्याकडचा जाणता शेतकरी ते सबंध वावरात लावत नाही. धुऱ्याच्या कडेने दोन तासे, म्हणजे दोन ओळी, तो त्या वाणाच्या लावतो आणि बाकीच्या वावरात खात्रीचे बियाणे टाकतो. मग येता-जाता त्याचे लक्ष त्या दोन तासांकडे असते. पाती किती गळली, बोंड केव्हा धरले, वेचणाऱ्या बाईचा हात कुठे अडला, हे सारे तो मनात टिपत जातो. हंगाम संपेपर्यंत त्याचा निर्णय झालेला असतो आणि वाण फसले असेल तर दोनच तासांचे नुकसान झालेले असते. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला ‘सातत्यपूर्ण नवोपक्रमाची संस्कृती’ असे भारदस्त नाव दिले जाते, त्याचा गाभा या दोन तासांत आहे. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. हाच शेतकरी जेव्हा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपनीचा, संचालक होतो, किंवा त्याचा मुलगा जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात) वा डाळ मिलमध्ये कामाला लागतो, तेव्हा ही सवय कुठे जाते?

आधी शब्दांचा उलगडा केलेला बरा. नवोपक्रम म्हणजे जगाने कधी न पाहिलेला शोध लावणे असा अर्थ येथे घ्यायचा नाही. एखादे काम कालच्यापेक्षा बरे, स्वस्त किंवा कमी त्रासाचे होईल असा बदल, आणि तोही प्रत्यक्ष वापरात आलेला बदल, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘सातत्यपूर्ण’ म्हणजे एकदा अनुदानातून धान्य निवडणारे सॉर्टेक्स यंत्र आणून फीत कापली आणि पुढची दहा वर्षे त्याचेच फोटो दाखवले, असे नव्हे. ‘संस्कृती’ हा शब्द सर्वांत निसरडा आहे, पण त्याचीही एक साधी परीक्षा आहे. नवा मजूर कामावर आला की आठ दिवसांत, कोणी न सांगता, एक गोष्ट शिकतो : येथे काही चुकीचे दिसले तर बोलायचे असते, की मान खाली घालून आपले काम उरकायचे असते. तो जे शिकतो, ती त्या कंपनीची संस्कृती.

शेतात ही अडचण येत नाही, कारण तेथे पाहणारा, ठरवणारा आणि नुकसान सोसणारा हा एकच माणूस असतो. त्यालाच अळी दिसते, फवारणी बदलायची की नाही हे तोच ठरवतो आणि अंदाज चुकला तर त्याच्याच घरचे पैसे जातात. कंपनी उभी राहिली की या तीन भूमिका तीन माणसांत वाटल्या जातात. दोष दिसतो यंत्राजवळच्या मजुराला, निर्णय असतो कार्यालयातल्या व्यवस्थापकाकडे आणि पैसा असतो मालकाचा किंवा सभासदांचा. ज्याला दिसते त्याच्या हातात काही नसते आणि ज्याच्या हातात असते त्याला दिसत नाही. माझ्या मते नवोपक्रमाच्या संस्कृतीविषयीचे सगळे नियम, योजना आणि प्रशिक्षणे या तुटलेल्या तीन टोकांना पुन्हा जोडण्याचे कमी-अधिक यशस्वी प्रयत्न आहेत. कल्पनांची टंचाई फारशी कुठेच नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, पण ते अगदी आपल्या ओळखीच्या जागेवरचे असू द्या. समजा, एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीजवळ बसून काही बाया कचरा वेचतात. कापसात पानाचा चुरा, केस, चिंध्या यांच्याबरोबर प्लास्टिकचे बारीक धागे निघतात आणि हे धागे सर्वांत वाईट असतात, कारण ते सुताबरोबर कातले जातात, रंग धरत नाहीत आणि शेवटी कापडावर डागासारखे उठून दिसतात. रुईची एक गाठ साधारण १७० किलोची असते, तिच्यासाठी सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो आणि त्यात राहिलेले मूठभर धागेही गिरणीच्या लेखी गाठीची पत कमी करतात. वेचणाऱ्या बायांपैकी एकीच्या लक्षात येते, की ज्या दिवशी खताच्या रिकाम्या पोत्यांत भरलेला कापूस येतो, त्या दिवशी धागे जास्त निघतात. हे तर व्यवस्थापकालाही ठाऊक आहे. तिला याच्या पुढचे दिसलेले असते. हमाल पोत्याच्या तोंडाची शिवण उसवत नाहीत, ते विळ्याने पोते उभे फाडतात आणि त्या फाटलेल्या कडेचे धागे कापसात झडतात. शिवण उसवली तर निम्मा कचरा कमी होईल, असे तिला वाटते.

या सूचनेला एक रुपयाचेही यंत्र लागत नाही, तरीही बहुतेक ठिकाणी ती तेथेच मरेल. एक तर ती बाई बोलणार नाही, कारण तिला रोजी कचरा वेचण्याची मिळते आणि कचरा कमी झाला तर आपलीच रोजी कमी होईल अशी तिला रास्त भीती आहे. बोललीच तर मुकादमाशी बोलेल आणि मुकादम ती गोष्ट वर नेणार नाही, कारण हमालांशी वाकडेपणा त्याला परवडत नाही. हमालांना मजुरी क्विंटलमागे मिळत असल्याने शिवण उसवण्यात वेळ गेला तर त्यांची दिवसाची कमाई घटते. म्हणजे कल्पना चांगली, माणसेही चांगली, पण मजुरी मोजण्याची पद्धत त्या कल्पनेच्या विरोधात उभी आहे. कंपन्यांत नव्या गोष्टी का रुजत नाहीत, याचे उत्तर लोकांच्या ‘मानसिकते’त शोधण्याची फार घाई केली जाते. मी आधी मजुरीचा तक्ता पाहतो.

शहाणा व्यवस्थापक येथे दोन तासे लावून पाहील. चार दिवस आलेल्या पोत्यांच्या दोन गंजी करायच्या, एक फाडलेल्या पोत्यांची आणि एक उसवलेल्या पोत्यांची. दोन्हींतून सारखाच कापूस घेऊन त्याच बायांकडून धागे वेचून घ्यायचे आणि वजन करायचे. त्या चार दिवसांपुरते हमालांना पोत्यामागे थोडे जास्त पैसे द्यायचे आणि वेचणाऱ्या बायांची रोजी कमी होणार नाही हे आधीच, सर्वांसमोर सांगायचे. फरक दिसला तर पद्धत बदलायची आणि हमालांचा वाढीव दर कायम करायचा. फरक दिसला नाही तर त्या बाईला बोलावून, वजने दाखवून, तसे सांगायचे. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात आणि पुढच्या वेळी तीच बाई गप्प का बसली याचे आश्चर्य करतात.

मी एका कारखान्यात सूचनापेटी पाहिली होती. पेटी लोखंडी होती, रंग चांगला होता, पण कुलूप गंजले होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे तेथे कोणालाच सांगता आले नाही. उत्तर परत येत नसेल तर सूचनापेटी आणि कचरापेटी यांत फरक उरत नाही. जपानच्या टोयोटा कंपनीने कामगारांकडून सुधारणेच्या सूचना घेण्याची योजना १९५१ साली सुरू केली आणि ती दशकानुदशके चालली, कारण लहानशा सूचनेचाही तेथे विचार होत असे आणि बहुतेक सूचना कामगाराच्या स्वतःच्या जागेवरच अमलात आणता येतील अशा असत. हत्यार हाताच्या अंतरावर टांगणे, खोक्याला उतार देणे, इतक्या बारीक.

टोयोटाचे मूळ कापडाच्या धंद्यात आहे, हे कापूस पिकवणाऱ्या मुलखाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे, की सूत तुटले की तो आपोआप थांबत असे. त्याआधी सूत तुटूनही माग चालतच राही, खराब कापड विणले जाई आणि ते उशिरा लक्षात येई. पुढे मोटारींच्या कारखान्यात हेच तत्त्व माणसाच्या हातात दिले गेले. कामगाराला दोष दिसला तर त्याने डोक्यावरची दोरी ओढायची, मदतीला माणूस धावून येतो आणि दोष लगेच सुटला नाही तर सारी साखळी थांबते. दोरी बसवणे सोपे आहे. दोरी ओढणाऱ्याला ‘काम का थांबवले’ असे न विचारता ‘काय दिसले’ असे विचारणे, हे अवघड आहे आणि टोयोटाची दोरी विकत घेणाऱ्या पुष्कळ कंपन्यांना तेच जमले नाही.

बोलण्याच्या भीतीविषयी अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९० च्या दशकातील अभ्यास उद्बोधक आहे. रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या आणि चांगल्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. ज्या गटांत आपसांतला विश्वास आणि नेतृत्व चांगले होते, तेथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. शोध घेतल्यावर कारण पुढे आले, ते असे, की या गटांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या आणि इतर ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या. आपल्याकडे ज्या मिलमध्ये वर्षभरात ‘एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेथे मला आता थोडी धास्तीच वाटते. गुणवत्तेचे शास्त्र १९५० पासून जपानी उद्योगांना शिकवणाऱ्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जी १४ सूत्रे सांगितली, त्यांतले एक सूत्र कामाच्या जागेवरची भीती घालवण्याविषयी आहे, तेही याच कारणाने.

‘हे जपान-अमेरिकेचे झाले, आमचे मजूरच तसे नाहीत’ हा आक्षेप मी प्रत्येक सभेत ऐकतो. त्याला कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथील कारखान्याचे उत्तर आहे. जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब माल यांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला, तेव्हा घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते. पद्धत तेवढी बदलली आणि थोड्याच काळात तेथील गाड्यांची गुणवत्ता कंपनीतल्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीची झाली. गंमत अशी, की हे यश डोळ्यांपुढे असूनही जनरल मोटर्सला ते स्वतःच्या इतर कारखान्यांत नेण्यास फार वर्षे लागली.

इतक्या दूर जायचे नसेल तर नागपूरला यावे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी, हा विचार मुंबईकेंद्री धंद्यात तेव्हा नवा होता. सुरुवातीला घेतलेली स्वस्त यंत्रे हलकी निघाली, तेव्हा चूक मान्य करून ती बदलण्यात आली. पुढे १८८० च्या दशकात सूत कातण्याची रिंग पद्धतीची चाती नवीन होती आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिचा भरवसा नव्हता. जमशेटजींनी आधी थोडीच यंत्रे आणून व्यवस्थापक बेझनजी मेहता यांना ती चालवून पाहण्यास सांगितली आणि अनुभव चांगला आल्यावर ती वाढवली. ही त्यांची दोन तासेच म्हणायची. त्या काळातील अग्रगण्य यंत्रनिर्माते प्लॅट ब्रदर्स ही नवी यंत्रे बनवण्यास तयार नव्हते, म्हणून टाटांनी ती दुसऱ्या कंपनीकडून घेतली. याच प्लॅट ब्रदर्सनी १९२९ मध्ये साकिची टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. चालत्या धंद्याच्या भरवशावर स्वतःचे प्रयोग मागे पडले, की नवे काही पुढे दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागते.

एम्प्रेस मिलची आणखी एक बाजू आहे, जी यंत्रांइतकी सांगितली जात नाही. नागपूरचे कामगार वाटेल तेव्हा गैरहजर राहत. दंड करणे हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता, पण जमशेटजी आणि बेझनजींनी बक्षिसे सुरू केली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. उद्या येथे आपल्याला जागा आहे, अशी खात्री नसलेला माणूस कंपनीच्या उद्याचा विचार का करील? कचरा वेचणाऱ्या त्या बाईच्या रोजीचा प्रश्न मी वर मांडला, त्याचेच हे दुसरे टोक आहे.

आता तिसऱ्या टोकाकडे, म्हणजे नुकसान कोण सोसणार याकडे येऊ. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९४८ पासून आपल्या तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या मनातल्या प्रयोगांसाठी वापरण्याची मोकळीक दिली. तेथे स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये मजबूत डिंक हवा असताना कच्चा डिंक हाती लागला, जो चिकटे पण सहज सुटे. बरीच वर्षे त्याचा उपयोग कोणाला सुचला नाही. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातील खुणेची चिठ्ठी सतत गळून पडते म्हणून तो आठवला आणि १९८० मध्ये पिवळ्या चिकट चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. पहिल्या दिवसापासून मोजले तर १२ वर्षे झाली. उलट कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्येच फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला होता. पाहणारा होता, प्रयोगही झाला, पण कंपनीची कमाई फिल्मवर उभी होती आणि ठरवणाऱ्यांना ती मोडवत नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अर्थात प्रत्येक अपयशाला हार घालायचा, असा याचा अर्थ नाही. ओला कापूस तसाच दाबला आणि गाठ पिवळी पडली, तर तो प्रयोग नव्हे, तो हलगर्जीपणा झाला, कारण उत्तर आधीच ठाऊक होते. जेथे उत्तर ठाऊक नव्हते, प्रयत्न विचारपूर्वक केला होता आणि नुकसान लहान ठेवले होते, तेथेच अपयशाला सन्मान शोभतो. टाटा समूहाच्या नवोपक्रम स्पर्धेत धाडसाने करून फसलेल्या प्रयत्नांसाठी वेगळा पुरस्कार आहे, तो याच भेदावर उभा आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीत हा भेद आणखी नाजूक होतो. कंपनी कायद्यात २००२ मध्ये अशा कंपन्यांची तरतूद झाली. त्यात शेअर कितीही असले तरी सामान्यतः प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि संचालक निवडून येतात. म्हणून संचालकाच्या मनात आमसभेतला एक आवाज सतत घुमत असतो : ‘आमचे पैसे कोणाला विचारून बुडवले?’ या भीतीपोटी बहुतेक कंपन्या बियाणे-खताच्या विक्रीपलीकडे जात नाहीत. उपाय साधा आहे. आमसभेतच, हंगामाआधी, ठराव करून प्रयोगासाठी एक लहान रक्कम बाजूला काढावी आणि ठरावात स्पष्ट लिहावे की ही रक्कम बुडाली तरी चालेल, मात्र काय केले आणि काय दिसले याचा हिशेब सभेपुढे वाचला जाईल. तुरीला डाळ मिलमध्ये नेण्याआधी वेगळ्या पद्धतीने तेल-पाणी लावून पाहायचे असो, की संत्र्याची प्रतवारी बागेतच करून पाहायची असो, खर्च त्या रकमेतून व्हावा. मग संचालक चोरून प्रयोग करणार नाही आणि प्रयोग टाळणारही नाही.

श्रेयाचा प्रश्न मात्र रकमेने सुटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये धानाच्या ‘पटेल ३’ या वाणात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे ठेवले, थोड्याशा जागेत वर्षानुवर्षे लावले, निवडले, पुन्हा लावले. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ तयार झाला, त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. तो झपाट्याने दूरवर पसरला, बाजारात त्यावर पुष्कळांनी कमावले, पण दादाजींच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना २००५ मध्ये, म्हणजे ती पहिली लोंबी दिसल्यानंतर २२ वर्षांनी मिळाला. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. कंपनीच्या आत हेच लहान प्रमाणावर रोज घडते. फिटरने रेच्याच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, रोलरची एखादी युक्ती शोधावी आणि तालुक्याच्या मेळाव्यात ती व्यवस्थापकाच्या नावाने सांगितली जावी, हे त्या फिटरच्या कानावर येतेच. त्यानंतर त्याच्या डोक्यात आलेली युक्ती डोक्यातच राहते. सूचना कोणाची, हे नावानिशी वहीत लिहिणे आणि बाहेर सांगताना तेच नाव घेणे, याला पैसे पडत नाहीत.

वहीचे महत्त्व आपल्या भागात आणखी एका कारणाने आहे. जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळा तापू लागला की थंडावते. त्या चार-पाच महिन्यांत आलेले अनेक मजूर पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांनी शिकलेलेही जाते. म्हणून वजनकाट्याजवळ एक जाड वही दोरीने बांधून ठेवावी, जिला लिहिता येत नाही तिचे मुकादमाने लिहून घ्यावे, आणि प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी असाव्यात : कोणाला दिसले, काय करून पाहिले, काय निघाले, त्याला किंवा तिला उत्तर केव्हा दिले. मे महिन्यात यंत्रे दुरुस्तीसाठी उघडली जातात, त्याच वेळी ही वही उघडावी. फिटर, मुकादम, कचरा वेचणाऱ्या दोघी-तिघी आणि एक संचालक यांनी चहावर बसून ती पहिल्या पानापासून वाचावी, पुढच्या हंगामासाठी दोन-तीन प्रयोग निवडावेत आणि जे मजूर गावी गेले आहेत त्यांच्या सूचनेचे काय झाले हे त्यांना फोन करून कळवावे.